बाहुल्यांची डोकी कोणी चोरली?

४ जून

काकांना,

नमस्कार. आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं.

आईनं बजावलंय की काकांशी फोनवर बोलायचं नाही. पत्राबद्दल ती काही म्हणाली नाही, म्हणून लिहितेय.

रविवारी तुमचा फोन मी उचलला. "मावशी कुठाय?" विचारलंत. मी म्हटलं, दुकानात. "कसल्या दुकानात?" बटणांच्या. त्यावर तुम्ही जे हसलात ते अजून माझ्या कानात आहे. म्हणालात, "माझ्या बायकोनं बटणं विकायची? मला लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवू नका." काका, ती आमच्याकडे आठ दिवसांसाठी म्हणून आली होती, आता वर्ष होत आलंय. का आली ते तिनं सांगितलं नाही, आणि आईनं विचारलं नाही. आमच्या दोन खोल्या सायकलच्या दुकानावर आहेत, खालून दिवसभर हातोड्याचे आवाज येतात. तरी ती म्हणते, इथे शांत वाटतं. याचा अर्थ काय लावायचा तो तुम्ही लावा.

पण पत्र त्यासाठी नाही. फोनवर मी तुम्हाला तुमच्या नव्या कादंबरीबद्दल विचारलं. घारीची सगळी पुस्तकं मला पाठ आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. सोळा वर्षांची पोरगी, मोठ्यांना सुटत नाहीत ती कोडी सोडवते, आणि कुणाला घाबरत नाही. या वेळी गोष्ट बाहुल्यांच्या थिएटरातली. दर खेळाच्या आधी एका बाहुलीचं डोकं गायब होतं. मालक, सुतार, दिवेवाला, तिकीटवाली, बाहुल्या करणारी बाई, सगळ्यांवर संशय. शेवटच्या पानावर राजाचंही डोकं जातं, घार म्हणते, "आता मला कळलं," आणि पुस्तक संपतं. उरलेलं दुसऱ्या भागात!

मी विचारलं, "काका, चोर कोण?" तुम्ही म्हणालात, "तुला कोण वाटतं?" मी उगाच तोंडाला आलं ते बोलले, सुतार. त्याचा तर हात मोडलाय, प्लास्टर आहे, तो कसा चोरेल? पण तुम्ही म्हणालात, "सुतार! वा! का बरं सुतार?" आणि मला पेन्सिलीचा आवाज आला.

काका, तुम्ही लिहून घेत होता. स्वतःच्या गोष्टीतला चोर तुम्ही माझ्याकडून का लिहून घेत होता?

उत्तर द्या.

तुमची भाची


११ जून

टोचणीबाईंस,

हे नाव मी तुला तू पाळण्यात असताना ठेवलं होतं. उगाच नाही ठेवलं.

पंधराव्या वर्षी मुलींना सगळीकडे रहस्यं दिसतात. त्याला औषध नाही, वय हेच औषध. मी वीस वर्षं मुलांसाठी लिहितोय. मुलं काय अंदाज करतात ते टिपून ठेवणं हा माझ्या कामाचा भाग आहे. शेफ ताटातलं उरलेलं बघतो ना, तसं. ते तुला कळणार नाही, कारण तुमच्या घरात पुस्तकं वाचायला आणतात आणि परत करतात.

सुताराच्या हाताचं म्हणशील तर रहस्यकथेत मोडलेला हात म्हणजे मोडलेलाच हात असतो असं नाही. एवढंही तुला समजू नये?

तुझ्या आईला सांग, दुसऱ्याच्या संसारात पाचर मारून स्वतःचा संसार सुधारत नाही. माझ्या घरात वर्षभर पडदे धुतलेले नाहीत. लेखनाचे दिवस जवळ आलेत आणि घरात माणूस नाही. मावशीला पाठवून दे म्हणावं. निमंत्रणपत्रिका छापू का?

आणि हो, सहज विचारतो. मावशी पुस्तकाबद्दल काही बोलते का? शेवटाबद्दल वगैरे? बोलली तर कळव. मुलांबरोबर बायकांचेही अंदाज टिपतो मी.

काका


२२ जून

काकांना,

नमस्कार.

तुम्ही "सहज" लिहिलंत, आणि तिथेच माझा संशय पक्का झाला. घार म्हणते, माणूस 'सहज' म्हणतो तेव्हा त्याच्या तळहाताला घाम आलेला असतो.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मावशी माझ्या शाळेच्या शर्टाला बटण लावत होती. मी शेजारी बसून सहज (हो, मीही सहज!) म्हटलं, "मला वाटतं तिकीटवालीच चोर असणार." मावशी मान वर न करता म्हणाली, "छे गं. गुडघे गेलेत तिचे. डोकी वर माळ्यावर टांगलेली, शिडी चढणार कशी ती?"

"हे पुस्तकात कुठे आहे?"

सुई थांबली. "असेल कुठेतरी."

मी सगळं पुस्तक पालथं घातलं. गुडघ्यांचा शब्द नाही. फक्त तिकीटवाली कुठल्याही प्रसंगात उभी राहत नाही, प्रत्येक वेळी बसूनच बोलते. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. चित्रकाराच्याही आलं नव्हतं, त्यानं एका चित्रात तिला उभी काढलीय.

म्हणून मी चित्रकाराकडे गेले. तुम्ही त्यांना ओळखताच, तुमच्या सगळ्या पुस्तकांची चित्रं त्यांची. मी म्हटलं, शाळेच्या अंकासाठी मुलाखत हवी. भला माणूस आहे, खूप बोलला. म्हणाला, "सरांची एक गंमत आहे. घारीच्या बुटांना नाडी की पट्टा, असलं काही विचारलं की सर म्हणायचे, थांबा, विचार करतो. आणि आत जायचे. मग वहिनी चहा घेऊन यायच्या, मागून सर यायचे, आणि उत्तर सांगायचे. उत्तर नेहमी चहाबरोबरच यायचं." तो हसला. मला नाही हसू आलं. मी विचारलं, "आणि आता?" म्हणाला, "आता सर म्हणतात, तुम्हाला हवं ते काढा."

काका, घार तुम्ही लिहिलेली नाही. एकही पुस्तक तुम्ही लिहिलेलं नाही. पहिला भाग लिहून मावशी निघून आली, आणि दुसऱ्या भागात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही.

मी लहान असताना तुमची सही घेतली होती, आठवतं? उशाशी घेऊन झोपायचे मी ते पुस्तक.

भाची


२८ जून

टोचणी,

आता ऐक. तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत. शाळेच्या नावाखाली खोट्या मुलाखती घेत फिरणाऱ्या मुलीबद्दल त्यांना काय वाटेल ते मी त्यांना विचारू शकतो. चित्रकाराला मी काल कामावरून काढलं. ते तुझ्यामुळे. ते घेऊन झोप उशाशी.

तुला काय माहीत आहे गं? तुझ्या मावशीचं पहिलं बाड घेऊन मीच प्रकाशकाकडे गेलो होतो, तिच्या नावानं. प्रकाशक म्हणाला, बाईंना म्हणावं भरतकामाचं पुस्तक करा, ते खपेल. महिनाभर ती जेवली नाही धड. मग तेच बाड मी माझ्या नावानं दुसरीकडे नेलं आणि आठ दिवसांत होकार आला. मी नसतो तर तुझी घार ट्रंकेत कुजली असती. दारोदार मी फिरलो, भाषणं मी दिली, शाळाशाळांतून घसा मी फोडला. दगडाची मूर्ती करणारा एक असेल, पण देवळात नेऊन बसवणारा मी होतो. त्याला काहीच किंमत नाही?

तिला एकदा तरी मी जबरदस्ती केली का विचार. ती कधीही काही बोलली नाही. एक शब्द नाही! वीस वर्षं जी बोलली नाही, तिच्या वतीनं तू कोण बोलणार?

दुसरा भाग जाहीर झालाय. आता मागे फिरता येत नाही. तिला विचार, चोर कोण. एवढं एकच काम कर. पुस्तक तुला अर्पण करीन. पहिल्या पानावर छापीन, 'माझ्या हुशार भाचीस.' मैत्रिणींना दाखवशील.

आणि नाही विचारलंस, तर तुझ्या मावशीच्या कपाटातलं सगळं मी भंगारवाल्याला देईन. मग बस म्हणावं बटणं मोजत.

काका


५ जुलै

काकांना,

तुमचं पत्र वाचून मी इतकी चिडले की लगेच उत्तर लिहून टाकलं. त्यात लिहिलं, चोर दिवेवाला. सोबत दोन पानं भरून पुरावे, सगळे मनाचे. म्हटलं, छापू दे यांना, सगळ्या मुलांसमोर तोंडघशी पडू दे. पाकीट बंद करून टेबलावर ठेवलं आणि तिकीट आणायला खाली गेले. परत आले तर मावशी खुर्चीत बसली होती आणि पाकीट फोडलेलं. शेजारी तुमचीही पत्रं होती. गादीखाली ठेवली होती मी, सापडली तिला. तिच्यापुढे माझी हुशारी कुठे चालणार?

"हे काय आहे?"

"सापळा."

"कुणासाठी?"

"काकांसाठी. मावशी, त्यांनी..."

"आणि अडकणार कोण?" एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "पुस्तक कुणाच्याही नावावर असू दे. वाचणारी पोरं माझी आहेत. त्यांना खोटा चोर देणार तू? माझ्या घारीच्या तोंडून?"

मग मी रडले. तीही थोडी रडली. मग तिनं सांगितलं. मागच्या वर्षी त्या बक्षीस समारंभात एका मुलीनं तुम्हाला विचारलं होतं, घार तुम्हाला कशी सुचते? तुम्ही म्हणालात, "मी घार घडवतो आणि ही चहा घडवते. दोन्ही कडक!" सगळं सभागृह हसलं. मावशी म्हणाली, "मीही हसले. त्यांच्या बोलण्याचं नाही वाईट वाटलं. मी हसले त्याचं वाटलं. घरी आले, पिशवी भरली."

तुम्ही लिहिलंत की ती कधी बोलली नाही. मी ते वाक्य तिला दाखवलं. ती म्हणाली, "खरं आहे. मग आता सांगते. लिही त्यांना, चोर कोण ते."

मी म्हटलं, "द्यायचं? फुकट?"

"द्यायचं. घेता आलं तर घेऊ दे."

तर घ्या. डोकी बाहुल्या करणाऱ्या बाईनं नेली. सगळी डोकी तिनंच कोरलेली, तिनंच रंगवलेली. प्रत्येक डोक्याच्या आत, जिथे बोट घालतात तिथे, मालकानं आपलं नाव कोरून ठेवलं होतं. बघणाऱ्याला दिसत नाही, पण खेळात बाहुल्या नाचवायचीही तीच, म्हणून दर वेळी तिच्या बोटाला ते लागायचं. एके दिवशी तिला ते सहन होईना. मग ती एकेक करून आपली डोकी घरी घेऊन गेली. घारीला ती तिच्या खिडकीत रांगेनं मांडलेली सापडतात. घार पोलिसांना बोलवत नाही. सगळ्यांना थिएटरात जमवते, मालकाच्या हातात लाकडाचा ठोकळा आणि पटाशी देते आणि म्हणते, "एक करून दाखवा."

एवढंच. लिहा आता.

भाची

ता. क. कपाटातलं भंगारात घाला. मावशी म्हणाली, त्यात फक्त तुमचे स्वेटर आहेत.


१६ जुलै

टोचणी,

हा शेवट चालणार नाही.

ही मुलांची गोष्ट नाही, हा सूड आहे. बारा वर्षांच्या पोराला कोणाचं नाव कुठे कोरलंय याच्याशी काय घेणं? त्याला पाठलाग हवा, अंधारं तळघर हवं, चोराच्या हातात बेड्या हव्यात. आणि चोर मोकळा सुटतो, मालकाची शोभा होते, हा कुठला न्याय? माझ्या वाचकांना मी हे देणार नाही.

तुझ्या मावशीला सांग की तिच्या मदतीची गरज नाही. कधी नव्हतीच, असं म्हणत नाही. आता नाही. दुसरा भाग मी लिहितोय. मला येतं लिहिता.

यापुढे पत्र पाठवू नकोस. फोडणार नाही.

काका


९ ऑक्टोबर

टोचणी,

झालं समाधान?

मी लिहायचं नाही ठरवलं होतं. पण कालच्यानंतर गप्प बसलो तर छाती फुटेल. तू तिला मुद्दाम आणलंस. वाचनालयात प्रकाशनाचा कार्यक्रम, पुढे पोरं खच्चून भरलेली, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ तुम्ही दोघी. मला भाषण सुरू केल्यावर दिसलात. ती तीच करड्या रंगाची शाल घेऊन बसली होती. पुढचं वाक्य आठवेना मला.

आणि ती पुढच्या रांगेतली दात पडलेली कार्टी! तुझंच माणूस ना ती? हात वर करून उभी. "सर, सुताराचं प्लास्टर खोटं होतं असं तुम्ही लिहिलंय. पण पहिल्या भागात डॉक्टर प्लास्टर घालतात तेव्हा घार तिथेच असते. तिनंच त्याचा हात धरलेला असतो. मग तिला तेव्हाच कसं नाही कळलं?" मी म्हटलं, बस खाली. ती बसेना. "घार वेडी आहे का, सर?" अख्खी पोरं एका सुरात: "घार वेडी नाही!" प्रकाशक बाई माझ्याकडे बघतायत. आणि मी... माझी मान आपोआप वळली. दाराकडे. तू पाहिलंस. सगळ्यांनी पाहिलं.

बायको म्हणून ती त्या वेळी गप्प बसू शकली असती. वीस वर्षं बसली होती. उभी राहिली. आणि काय शांतपणे! "बाळ, तुझं बरोबर आहे. सुतारानं नाही चोरली. बाहुल्या करणाऱ्या बाईनं नेली." त्या कार्टीनं विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" "मी लिहिलंय ना."

टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. पोरं उठली आणि तिच्याभोवती जाऊन बसली. खाली, फरशीवर. मी व्यासपीठावर एकटा, पुढ्यात पाण्याचा ग्लास. भर सभेत कपडे उतरवले असते तर बरं वाटलं असतं.

ही तुझी घार. खूश?

काका


१८ ऑक्टोबर

काकांना,

मी आणलं नाही तिला. तिनं दुकानातून सुट्टी घेतली, शाल बाहेर काढली आणि मला म्हणाली, "येतेस का?" उभी राहणार हे तिलाही माहीत नव्हतं. परत येताना बसमध्ये ती तिकीट काढायचंच विसरली, ते मला काढावं लागलं. त्या मुलीला मी ओळखतही नाही. तुम्हाला सगळीकडे कट दिसतो, पण त्या पोरीनं फक्त पुस्तक नीट वाचलं होतं.

खूश आहे का? हो. पण तुमची मान वळली तेव्हा मला वाईट वाटलं. ते का वाटावं याचा मला राग येतोय, आणि तो राग तुमच्यावरच आहे.

परवा प्रकाशक बाई आमच्याकडे आल्या. जिना चढून दम लागला होता त्यांना. मोठ्या गोड बोलल्या. दुसरा भाग मावशीनं पुन्हा लिहावा, मुखपृष्ठावर 'उभयतां'ची नावं टाकू, सरांचं नाव खपतं, कशाला वाद. मावशीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला दुकान उघडायचंय," आणि चपला घालून निघून गेली! आई आमची भिडस्त, तिनं त्यांना खायला केलं, अंथरूण घालून झोपायलाही सांगितलं. संध्याकाळी मावशी आली तेव्हा बाई तिथेच होत्या. "एकटीचं नाव," मावशी म्हणाली. "आणि चित्रं आपल्या चित्रकाराचीच." बाई म्हणाल्या, बरं.

जुन्या सात पुस्तकांचं मात्र तुमच्या शब्दावाचून काही होणार नाही, असं त्या म्हणाल्या. मावशी म्हणते, त्यांना काही मागायचं नाही. म्हणून मी मागतेय. मावशीला हे पत्र ठाऊक नाही.

तुम्ही दारोदार फिरलात ते मी खोटं म्हणत नाही. पण देवळात मूर्ती बसवणारा खाली स्वतःचं नाव घालत नाही, काका.

भाची


३० ऑक्टोबर

टोचणी,

प्रकाशक बाईंना कळवलंय. सातही पुस्तकांवर तिचं नाव येईल. माझं कुठेही नको, आभारातही नको. तुझ्या सांगण्यावरून केलं असं समजू नकोस, तेवढी तू मोठी नाहीस. शाळांतून आता पत्रं येतात, प्रत्येकात तोच प्रश्न. पोस्टमनसुद्धा माझ्याकडे बघून हसतो, किंवा मला तसं वाटतं.

ती येणार नाही हे मला कळलंय. तुझ्या आईनं दोन ओळी टाकून कळवायला हवं होतं, पण असो, तुमच्याकडून काय अपेक्षा करणार. स्वेटर मी वापरतो आहे. चित्रकाराची माफी मागणार नाही.

एक गोष्ट तुझी चुकली. एवढी डिटेक्टिव्ह म्हणवतेस, आणि तीच चुकली. तुला वाटलं, चोर कोण ते मला माहीत नव्हतं म्हणून मी विचारत होतो. पहिल्या भागाचं बाड टेबलावर ठेवून ती गेली, त्याच संध्याकाळी मी ते वाचलं. निम्म्यातच कळलं मला. बाहुल्या करणारी बाई खेळ संपल्यावर बोटं चोळत बसते, एवढं एकच वाक्य होतं, पण तिच्याबरोबर वीस वर्षं काढली होती मी.

तरी तुला विचारलं, पोरांना विचारलं, जो भेटेल त्याला विचारलं. वाटलं, कुणीतरी, निदान तुझी मावशी तरी, दुसऱ्या कुणाचं नाव सांगेल.

काका